राजरस्ता कोणाचा?

गांवच्या कारभारांतील कांहीं निर्णय दिसावयास अगदीं क्षुल्लक असतात. अमुक चौकांत रस्ता ओलांडण्यासाठीं पांढरे पट्टे आंखावेत, अमुक गल्लींत तेथील रहिवाशांनींच मोटारी उभ्या कराव्यात, शाळेसमोरच्या वळणावर कोणीही गाडी थांबवूं नये, असले ठराव नगरपालिकेच्या सभेंत अर्ध्या घटकेंत संमत होतात आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत त्यांना दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं. परंतु अशा प्रत्येक ठरावाच्या मुळाशीं एक मोठा प्रश्न असतो. घरासमोरचा रस्ता कोणाचा? चालणाऱ्याचा, गाडी हांकणाऱ्याचा, कीं ज्याचें दार त्या रस्त्यावर उघडतें त्याचा? आणि ज्या संस्थेच्या हातीं तो रस्ता सोंपविलेला असतो, तिला त्याचें काय करण्याचा अधिकार आहे? इंग्लंडांत, विशेषतः लंडन शहरांत, या प्रश्नाचा निवाडा दोनशें वर्षें चाललेला आहे. तो ज्या क्रमानें होत गेला तो क्रम पाहण्यासारखा आहे.

मोटारीचा जन्म होण्यापूर्वीं कितीतरी वर्षें हा वाद न्यायासनापुढें आला होता. लंडनच्या चेरिंग क्रॉस भागांत भाड्याच्या घोडागाड्या उतारू मिळेपर्यंत भर रस्त्यांत उभ्या राहत. एकेक गाडी पाऊण पाऊण तास जागची हालत नसे. त्यामुळें इतरांची वाट अडे, म्हणून गाड्यांच्या मालकावर सार्वजनिक उपद्रवाचा खटला भरण्यांत आला. १८१२ सालीं तो मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांच्यापुढें चालला. रस्ता सर्वांचा आहे, तर तो गाडीवाल्याचाही आहे, असें प्रथमदर्शनीं कोणालाही वाटेल. न्यायाधीशांनीं मात्र भेद दाखविला. राजरस्ता हा येण्याजाण्यासाठीं आहे. येतां जातां उतारू उतरविण्यास किंवा घेण्यास लागेल तेवढा वेळ कोणी थांबला तर त्यास हरकत नाहीं. परंतु राजाच्या रस्त्याला कोणीही आपला तबेला करूं शकत नाहीं, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. गाडीवाला दोषी ठरला. जाण्याचा हक्क सर्वांचा, उभें राहण्याची मात्र सवलत, आणि तीही मर्यादित, हें तत्त्व तेव्हांपासून इंग्रजी कायद्यांत रुजलें. पुढील सारा इतिहास या तत्त्वाच्या कसोटीचा इतिहास आहे.

प्रथम पायीं चालणाऱ्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनचे रस्ते घोडागाड्यांनीं इतके भरून गेले होते कीं, ते ओलांडणें हें धाडसाचें काम झालें होतें. पार्लमेंटच्या इमारतीसमोर तर सभासदांनाही आंत जाण्यास वाट मिळणें कठीण पडे. तेव्हां जे. पी. नाइट नांवाच्या रेल्वेच्या सिग्नलांच्या जाणकार इंजिनियरानें एक युक्ति सुचविली. आगगाडीला थांबविणारा सिग्नल घोडागाडीला कां थांबवूं शकणार नाहीं? डिसेंबर १८६८ मध्यें पार्लमेंटजवळच्या चौकांत एक उंच खांब उभा राहिला. दिवसा त्याचे दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे गाड्यांनीं थांबावें. रात्रीं तेंच काम गॅसचा तांबडा व हिरवा दिवा करी. खांबाशीं पोलीस शिपाई उभा राहून तो चालवीत असे. परंतु महिना लोटला न लोटला तोंच, जानेवारी १८६९ मध्यें, गॅसचा स्फोट होऊन तो शिपाई जखमी झाला आणि ती योजना बारगळली. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लंडनांत तसा सिग्नल उभा राहिला नाहीं. विजेचे दिवे पिकॅडिलीच्या रस्त्यावर आले ते १९२६ सालीं.

मध्यंतरीं रस्त्यावर मोटार आली होती. यंत्राच्या गाड्यांविषयीं १८६५ च्या कायद्याचें धोरण अतिशय सावधपणाचें होतें. गाडीनें खेड्यांतून ताशीं चार मैलांहून व शहरांतून दोन मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, आणि तिच्यापुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन चालावें, असा दंडक होता. १८९६ सालीं नव्या कायद्यानें ही बंधनें उठविलीं. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें मोटारीच्या धक्क्यानें एक स्त्री मरण पावली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं पादचाऱ्याचा हा पहिला मृत्यु म्हणून नोंदला गेला आहे. १९०३ मध्यें ताशीं वीस मैलांची मर्यादा आली. परंतु ती कोणीच पाळीना, म्हणून १९३० च्या कायद्यानें ती काढूनच टाकण्यांत आली. जो नियम पाळला जात नाहीं तो नसलेला बरा, असा त्यामागील विचार होता. त्याची किंमत पादचाऱ्यांना द्यावी लागली. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं व दोन लक्ष एकतीस हजारांहून अधिक जखमी झालीं. मेलेल्यांत जवळजवळ निम्मे पायीं चालणारे होते.

त्याच वर्षीं लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. अधिकारावर आल्यावर थोड्याच दिवसांत कॅम्डन भागांतील रस्ता ओलांडतांना एका भरधांव मोटारीखालीं सांपडतां सांपडतां ते वांचले. रस्ता ओलांडण्याच्या जागा तत्पूर्वींच प्रयोगादाखल आंखण्यांत येऊं लागल्या होत्या. रस्त्यांत धातूचे गोल खिळे ठोकून त्यांच्या दोन रांगांमधील जागा चालणाऱ्याची समजावयाची, अशी ती व्यवस्था होती. परंतु दुरून येणाऱ्या मोटारवाल्यास ते खिळे दिसत नसत. बेलिशांनीं त्या जागीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे खांब व त्यांच्या माथ्यावर नारिंगी रंगाचे मोठे गोल बसविण्याची व्यवस्था केली. आरंभीं हे गोल कांचेचे होते. पोरांना नेमबाजीसाठीं यापेक्षां चांगलें लक्ष्य कोठें मिळणार! कित्येक गोल दगडांनीं फुटले. वर्तमानपत्रांनीं थट्टा केली, पण मंत्र्यांचें नांव त्या खांबांना जें चिकटलें तें आजपर्यंत निघालेलें नाहीं. १९३४ च्या कायद्यानें वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा पुन्हां घातली, आणि पादचाऱ्यांच्या वाटा कोठें असाव्यात हें ठरवून तशा योजना मंत्र्यांकडे पाठविण्याचें काम स्थानिक संस्थांवर सोंपविलें. येथपासून हा विषय खऱ्या अर्थानें नगरपालिकांच्या दाराशीं आला.

महायुद्धाच्या काळांत शत्रूच्या विमानांच्या भीतीनें दिवे मालवले गेले. पदपथांच्या कडा पांढऱ्या रंगानें रंगविल्या तरी अंधारांत माणसें गाड्यांखालीं सांपडतच राहिलीं. १९४१ सालीं ९,१६९ माणसें मेलीं. त्या देशाच्या रस्त्यांवर इतके मृत्यु त्यापूर्वीं झाले नव्हते व त्यानंतरही कोणत्या वर्षीं झाले नाहींत. युद्ध संपल्यावर एक विलक्षण गोष्ट ध्यानांत आली. पादचाऱ्यांच्या वाटा पुष्कळ झाल्या होत्या, आणि पुष्कळ झाल्यामुळेंच त्यांचा मान उरला नव्हता. प्रत्येक भागाच्या सभासदानें आपल्या मतदारांसाठीं एक वाट मागितली, कौन्सिलनें ती दिली, आणि पावलोपावलीं खांब दिसूं लागल्यावर मोटारवाले कोठेंच थांबेनासे झाले. दूरून दिसेल अशी खूण कोणती, यावर प्रयोग सुरू झाले. १९४९ सालीं सुमारें एक हजार ठिकाणीं निरनिराळ्या रंगांचे पट्टे मारून पाहण्यांत आले. काळ्या डांबरावर रुंद पांढरे पट्टे हे सर्वांत स्पष्ट दिसतात असें ठरलें, आणि १९५१ मध्यें त्यांना कायद्याचें रूप मिळालें. झेब्राच्या अंगावरील पट्ट्यांवरून आलेलें तें नांव पुढें मुंबई-पुण्याच्या मराठी बोलण्यांतही जसेंच्या तसें रुळलें.

परंतु पट्ट्यांपेक्षां महत्त्वाचा निर्णय दुसराच होता. त्याच वेळीं सरकारनें जुन्या वाटांपैकीं सुमारें दोन तृतीयांश काढून टाकावयास लाविल्या. ज्या कौन्सिलनें दहा वाटा दिल्या होत्या तिनें त्यांतील तीनचार खरोखरीच्या गरजेच्या निवडावयाच्या, असा त्याचा अर्थ. दिलेली सोय परत घेणें हें लोकनियुक्त सभासदाला किती जड जातें, हें सांगावयास नको. कोणती शाळा, कोणता बाजार, कोणतें देवालय मागें ठेवावयाचें? तरीही ही काटछांट झाली, कारण उरलेल्या वाटांवर चालणाऱ्याचा हक्क निर्विवाद ठरला. पट्ट्यांवर पाऊल पडलें कीं मोटारीनें थांबलेंच पाहिजे, हा नियम पाळला जाऊं लागला. थोडें द्यावें पण जें द्यावें तें खरें द्यावें, हा या निर्णयाचा मथितार्थ होता.

मुलांचा प्रश्न निराळा होता. पट्टे आहेत म्हणून सहा वर्षांचें मूल सावध होत नाहीं. १९३७ सालीं बाथ शहरांत मुलांना रस्ता पार करून देण्यासाठीं एका बाईंची नेमणूक झाली होती. पुढें ठिकठिकाणीं ही प्रथा पडली, आणि १९५३ च्या कायद्यानें तिला मान्यता मिळाली. वाटोळी पाटी लाविलेली काठी हातांत धरून हे वृद्ध गृहस्थ किंवा बाया शाळेच्या वेळीं रस्त्याच्या मध्यभागीं उभ्या राहतात. त्या पाटीच्या आकारावरून मुलांनीं त्यांना लॉलीपॉपचें नांव दिलें. परंतु कायद्याचे शब्द बारकाईनें पाहण्याजोगे आहेत. स्थानिक संस्थेला असे रक्षक नेमण्याचा अधिकार दिलेला आहे; ते नेमलेच पाहिजेत असें बंधन नाहीं. त्यामुळें अंदाजपत्रक तुटीचें झालें कीं, ज्या खर्चावर प्रथम कात्री येते त्यांत या रक्षकांचें वेतन असतें. एकोणीसशें पन्नास ते सत्तरच्या दशकांत कित्येक गांवीं आयांनीं बाबागाड्या घेऊन रस्ते अडविले. अपघातांत एखादें मूल गेल्यावर त्या तेथें जमत आणि वाट किंवा सिग्नल मिळेपर्यंत हटत नसत. सभागृहांत अर्ज पडून राहतो तेव्हां प्रश्न रस्त्यावर येतो, याचें हें उदाहरण आहे.

अर्जांची गर्दी वाढली तेव्हां अधिकाऱ्यांना एखादें निःपक्षपाती माप हवेसें झालें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक गणित प्रचारांत आलें. शंभर मीटरांच्या टप्प्यांत ताशीं किती माणसें रस्ता ओलांडतात तें मोजावें. ताशीं किती वाहनें जातात तें मोजून त्या संख्येचा वर्ग करावा. दोहोंचा गुणाकार करावा. दिवसांतील सर्वांत गर्दीच्या चार तासांची सरासरी दहा कोटींवर गेली तर वाट द्यावी, एरवीं देऊं नये. समजा, ताशीं ३०० माणसें व ६०० वाहनें आहेत. ६०० चा वर्ग ३,६०,०००. त्यास ३०० नीं गुणिलें म्हणजे १०,८०,००,००० होतात. वाट मंजूर! पण तितक्याच वाहनांच्या रस्त्यावर १०० माणसें ओलांडत असतील तर गुणाकार अवघा ३,६०,००,००० भरतो. वाट नामंजूर!

हें माप सोपें होतें आणि वशिल्याला त्यांत जागा नव्हती, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यांत एक खोल उणीव होती. जो रस्ता इतका भयंकर आहे कीं म्हातारीं माणसें तो ओलांडण्याचें धाडसच करीत नाहींत, त्या रस्त्यावर मोजणीच्या दिवशीं ओलांडणारे थोडेच भरणार. म्हणजे भय जितकें अधिक तितका आंकडा लहान, आणि आंकडा लहान म्हणून वाट नाहीं. जे घरींच बसले त्यांची मोजणी कोण करणार? १९९५ सालीं सरकारनें नवी सूचना काढून या एका आंकड्यावरील भिस्त कमी केली. किती वेळ थांबावें लागतें, ओलांडणाऱ्यांत मुलें, वृद्ध, अपंग किती, रस्त्यानें वस्तीचे दोन तुकडे पडले आहेत काय, याचा विचार करून प्रत्येक जागेचा स्वतंत्र निर्णय घ्यावा, असें त्यांत सांगितलें होतें. गणित सुटलें, पण त्याबरोबर सभासदांची जबाबदारी वाढली.

येथवर चालणाऱ्याची कथा झाली. आतां उभ्या असलेल्या गाडीकडे पाहूं. कारण १८१२ सालच्या निकालाची खरी परीक्षा तिनेंच घेतली.

लंडनच्या बहुतेक वस्त्या घोड्यांच्या काळांत बांधलेल्या आहेत. श्रीमंतांच्या घरामागें तबेल्यांची अरुंद आळी असे. मध्यम व कनिष्ठ वर्गाचीं घरें मात्र एकास एक लागून, दार थेट पदपथावर उघडणारीं. त्यांना ना अंगण, ना तबेला, कारण त्या लोकांजवळ घोडाही नव्हता. पुढें त्यांच्याजवळ मोटार आली. १९५० सालीं ब्रिटनमध्यें खाजगी मोटारी सुमारें वीस लक्ष होत्या; १९७० सालीं त्या एक कोटीच्या घरांत गेल्या. गाडी ठेवावयास घरांत जागा नाहीं, तेव्हां ती रस्त्यावर उभी राहूं लागली. ज्या गोष्टीसाठीं चेरिंग क्रॉसचा गाडीवाला दोषी ठरला होता, ती गोष्ट आतां लक्षावधि सभ्य गृहस्थ रोज रात्रीं करूं लागले. सर्वांवर खटले कोण भरणार?

उभ्या गाडीकडून पैसे घेण्याची कल्पना अमेरिकेंत निघाली. ओक्लाहोमा शहरांत जुलै १९३५ मध्यें रस्त्याच्या कडेला नाणें टाकण्याचीं यंत्रें बसलीं. ब्रिटननें ती कल्पना उचलली ती १९५६ च्या कायद्यानें, आणि तीही एका महत्त्वाच्या अटीवर. यंत्रांतून खर्च वजा जातां जो पैसा उरेल तो रस्त्याबाहेर गाड्यांसाठीं जागा निर्माण करण्याकडे लागला पाहिजे, असें त्यांत सांगितलें होतें. हा पैसा नगरपालिकेच्या सर्वसाधारण उत्पन्नाचा भाग नव्हे, हा त्यामागील हेतु. १० जुलै १९५८ रोजीं वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या हद्दींत, मेफेअर या धनिकांच्या वस्तींत, पहिलीं यंत्रें सुरू झालीं. दर तासाला सहा पेन्स. दोन वर्षांनीं, सप्टेंबर १९६० मध्यें, गाड्यांवर देखरेख करणारे निराळे रक्षक नेमले गेले. त्यांनीं पहिली दंडाची चिठ्ठी ज्या मोटारीला लाविली ती एका डॉक्टरांची निघाली. हॉटेलांत एका माणसाचें हृदय बंद पडत असल्यामुळें ते धांवत आले होते. मोठा ओरडा झाला आणि दोन पौंडांचा दंड माफ करावा लागला. नियम किती न्याय्य असला तरी त्याच्या पहिल्या अंमलबजावणींतच अपवादाची गरज पडते, याचें हें स्मरण.

यंत्रांचा एक परिणाम अपेक्षित नव्हता. मध्यवस्तींत पैसे पडूं लागतांच बाहेरून कामावर येणारे लोक शेजारच्या राहत्या गल्ल्यांत गाड्या फुकट ठेवूं लागले. सकाळीं घरचा माणूस गाडी घेऊन बाहेर पडला कीं संध्याकाळीं त्याला स्वतःच्या दाराशीं जागा मिळेना. कॉलिन ब्यूकॅनन यांच्या समितीनें १९६३ सालीं शहरांतील रहदारीवर जो अहवाल दिला त्यांत राहत्या भागांना आडवाटेच्या रहदारीपासून वांचविण्याचा आग्रह धरला होता. त्या सुमारास व नंतर हळूहळू रहिवाशांसाठीं राखीव जागांची पद्धत आली. कौन्सिलनें कांहीं गल्ल्यांची हद्द आंखावी. दिवसाचे ठराविक तास नेमावेत. रहिवाशानें वर्षाची फी भरून परवाना घ्यावा. पाहुण्यासाठीं एकेक दिवसाचीं तिकिटें विकत घ्यावींत. मात्र या परवान्यानें दारासमोरची अमुक जागा कोणाच्या मालकीची होत नाहीं. त्या हद्दींत जागा सांपडली तर गाडी ठेवण्याची मुभा एवढाच त्याचा अर्थ. राजरस्ता कोणाचा तबेला नव्हे, हें जुनें तत्त्व येथें अर्धें मोडलें व अर्धें टिकलें.

एका गल्लींत हद्द आंखली कीं गाड्या पुढच्या गल्लींत जातात. मग ती गल्लीही हद्द मागते. वृद्ध बाईकडे येणारी परिचारिका, नळ दुरुस्त करणारा कारागीर, रविवारीं नातवंडें घेऊन येणारा मुलगा, या सर्वांना तिकीट लागूं लागतें. ज्यांच्यापाशीं मोटार नाहीं त्यांनाही पाहुण्यासाठीं पैसे मोजावे लागतात. आणि वाट व जागा यांचा झगडा तर उघडच आहे. १९७१ पासून झेब्राच्या दोन्ही बाजूंस नागमोडी पांढऱ्या रेघा मारूं लागले. त्या रेघांवर गाडी उभी करणें गुन्हा आहे, कारण उभ्या गाडीच्या आड असलेलें मूल चालकास दिसत नाहीं. अर्थात् प्रत्येक नवी वाट म्हणजे कित्येक गाड्यांची जागा गेली. शाळेजवळ वाट हवी याविषयीं सर्वांचें एकमत असतें. ती आपल्या दारासमोर नको याविषयींही पुष्कळांचें एकमत असतें. काठाच्या त्याच दहावीस यार्डांवर दोघांचा दावा असतो, आणि कौन्सिलला कोणातरी एकास नाहीं म्हणावें लागतें.

१९९१ च्या कायद्यानें या वादास नवें वळण दिलें. तोंवर गाडी भलत्या जागीं उभी करणें हा पोलिसांच्या व न्यायालयांच्या अखत्यारींतला गुन्हा होता. आतां लंडनमध्यें तें काम कौन्सिलांकडे आलें, आणि १९९३ पासून एकामागून एक कौन्सिलांनीं तें हातीं घेतलें. दंडाचा पैसाही त्यांच्याच तिजोरींत पडूं लागला. नियम करणारा, दंड करणारा व दंड घेणारा एकच झाला, तेव्हां लोकांच्या मनांत संशय येणें स्वाभाविक होतें. हा रहदारीचा नियम आहे कीं दुसऱ्या नांवाचा कर आहे?

त्याचें उत्तर न्यायालयांनीं दोनदां दिलें. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागांत कॅम्डन कौन्सिलनें राखीव हद्द लागू केली, त्याविरुद्ध रहिवासी न्यायालयांत गेले. १९९५ सालच्या निकालांत तो हुकूम रद्द झाला. लोकांचा सल्ला घ्यावयाचा म्हणजे निर्णय अद्याप व्हावयाचा असतांना, पुरेशी माहिती देऊन, विचार करण्यास अवधि ठेवून घ्यावयाचा. आणि ज्या १९८४ च्या कायद्याखालीं या हद्दी आंखल्या जातात तो पैसे उभारण्याचा कायदा नव्हे, असें त्यांत ठरलें. तरीही मोह सुटला नाहीं. उत्तर लंडनांतील बार्नेट कौन्सिलनें २०११ सालीं रहिवाशाच्या परवान्याची फी ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेली आणि पाहुण्याचें तिकीट एका पौंडाचें चार पौंड केलें. जमणारी शिल्लक रस्त्यांच्या इतर कामांस वापरावी, असा बेत होता. रस्ते दुरुस्त करणें हें कांहीं वाईट काम नव्हे, आणि कौन्सिलपाशीं पैशांची तूट होती हेंही खरें. परंतु एका रहिवाशानें हायकोर्टांत दाद मागितली, आणि २२ जुलै २०१३ रोजीं न्यायमूर्ति लँग यांनीं ही वाढ बेकायदा ठरविली. रहदारीची व्यवस्था करण्यासाठीं फी ठरवितां येते व तींतून ओघानें कांहीं शिल्लक उरूंही शकते. पण शिल्लक मिळविणें हाच हेतु धरून फी वाढवितां येत नाहीं, असा त्या निकालाचा गाभा आहे. १९५६ सालच्या कायद्यानें यंत्राच्या नाण्यांवर जी अट घातली होती तिचाच हा वंशज.

या दोनशें वर्षांचा आढावा घेतला म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. रस्ता नगरपालिकेच्या मालकीचा नसून तिच्यापाशीं ठेव म्हणून असतो. ठेवीची व्यवस्था लावतां येते, तिच्यावर घर चालवितां येत नाहीं. आणि ठेव सांभाळणाऱ्यानें दुबळ्याकडे प्रथम पाहावें लागतें. २०१९ सालीं ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर १,७५२ माणसें मेलीं; मोटारी कित्येक पटींनीं वाढूनही हा आंकडा १९३४ च्या एक चतुर्थांशाहून कमी आहे. यांत सुधारलेल्या गाड्या, चालकांच्या परीक्षा, उत्तम वैद्यक या सर्वांचा वाटा आहे. त्यांतच ठिकठिकाणच्या सभागृहांत झालेल्या लहान लहान निर्णयांचाही आहे. तरी त्या १,७५२ मध्यें ४७० पायीं चालणारे होते, आणि त्यांच्यासाठीं नियम अजून सुधारत आहेत. झेब्रापाशीं नुसता उभा असलेल्या माणसासाठींही गाडी थांबवावी, असें तेथील रस्त्यांच्या नियमावलींत जानेवारी २०२२ मध्यें आलें.

इंग्लंडमध्यें आजही असा कोणताही कायमचा हुकूम काढण्यापूर्वीं त्याची नोटीस वर्तमानपत्रांत छापावी लागते. बहुधा ती त्या गल्लींतील दिव्याच्या खांबालाही बांधलेली दिसते. हरकत घेण्यास एकवीस दिवसांची मुदत असते. बहुतेक लोक ती नोटीस न वाचतांच खांबावरून पुढें जातात. प्रिमरोझ हिल व बार्नेट येथील लोकांनीं कौन्सिलचा निर्णय वाचला, त्याचा अर्थ विचारला आणि उत्तर पटेना तेव्हां न्यायालयाची पायरी चढले; म्हणून तो निर्णय फिरला. रस्ता आपला आहे असें म्हणणाऱ्यानें त्याविषयींचा कागद वाचण्याइतकी तसदी तरी घेतलीच पाहिजे.